ठिबकमुळे भूजल खरोखर वाचते का? पाणी, पीक आणि शेतकरी यांची वेगवेगळी मॉडेले एकत्र कशी जोडावीत?

प्रश्न : ओढाकाठ

नमस्कार. मी कृषी अभियांत्रिकीत पीएच.डी. करते आहे. सोलापूर जिल्ह्यात करमाळा-माढ्याच्या बाजूला, उजनी धरणाच्या पाणफुगवट्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या एका ओढ्याचे पाणलोट क्षेत्र मी अभ्यासासाठी घेतले आहे. पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, जमीन कुठे खोल काळी तर कुठे हातभर मातीखाली लगेच मुरूम, आणि तरीही विहिरींच्या जिवावर उभा असलेला ऊस, असे त्याचे वर्णन करता येईल. माझा प्रश्न वरवर सरळ आहे. या पाणलोटातील सगळा ऊस पाटपाण्यावरून ठिबकवर गेला, तर दहा-पंधरा वर्षांनी विहिरींची पातळी आजच्यापेक्षा वर असेल की खाली?

उत्तर शोधण्यासाठी मी तीन मॉडेले वापरली. पाऊस, ओढ्याने वाहून जाणारे पाणी आणि झिरप यांसाठी स्वॅट. उसाची पाण्याची गरज आणि उत्पादन यांसाठी अन्न व कृषी संघटनेचे ॲक्वाक्रॉप. आणि वाचलेल्या पाण्याचे शेतकरी काय करतील हे पाहण्यासाठी नेटलोगोमध्ये मी स्वतः लिहिलेले एक छोटे मॉडेल, ज्यात प्रत्येक शेतकरी हा आपापला निर्णय घेणारा एक एजंट आहे. (घरी ‘एजंट’ म्हटल्यावर वडिलांना विमा आठवतो, त्यामुळे त्यांना समजावताना मी ‘पात्र’ म्हणते.)

अडचण अशी की, तिघांची उत्तरे तीन दिशांना जातात. ॲक्वाक्रॉपच्या हिशेबाने उसासाठी करावा लागणारा उपसा २,००० मिलिमीटरवरून १,४५० मिलिमीटरवर येतो, म्हणजे एक-चतुर्थांशाहून अधिक बचत होते. तोच बदल स्वॅटमध्ये केला, तर वर्षाच्या ताळेबंदात जवळजवळ काहीच हलत नाही. नेटलोगोतील शेतकरी मात्र वाचलेल्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढवतात आणि विहिरी आजच्यापेक्षा खाली जातात. मार्गदर्शकांचे म्हणणे, तिन्ही एकत्र करून एकच उत्तर काढावे. समितीतील एका सदस्यांनी भूजलासाठी मॉडफ्लोही जोडण्याची सूचना केली आहे. मला विचारायचे आहे ते असे. चारही मॉडेले एकाच आज्ञावलीत बांधावीत, की एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला देत जावे? स्वॅट आणि ॲक्वाक्रॉप रोजच्या टप्प्याने चालतात, मॉडफ्लो महिन्याच्या, आणि शेतकरी वर्षातून एकदा निर्णय घेतो. हे कसे जुळवायचे? आणि एवढे सगळे जोडून आलेल्या आकड्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा?

उत्तर : मांजऱ्या

आयुष्य बेसाल्टमधील विहिरी मोजण्यात गेले, त्यामुळे माझे उत्तर थोडे एकांगी वाटेल. तरीही सांगतो की, आपली तीन मॉडेले परस्परविरोधी बोलत नाहीत. ती ‘बचत’ हा एकच शब्द तीन अर्थांनी वापरत आहेत. हे अर्थ उलगडले नाहीत, तर जोडणी कितीही सफाईने केली तरी आतील विसंगती तशीच राहील, फक्त दिसेनाशी होईल.

आपल्याच आकड्यांवर एक कागदी हिशेब करून पाहा. समजा, पाटपाण्याने दिलेल्या २,००० मिलिमीटरपैकी उसाने १,३०० मिलिमीटर प्यायले, १०० मिलिमीटर ओल्या जमिनीवरून नुसतेच उडून गेले आणि ६०० मिलिमीटर झिरपून पुन्हा खाली, म्हणजे त्याच किंवा शेजारच्या विहिरीत, पोहोचले. ठिबकवर दिलेल्या १,४५० मिलिमीटरपैकी उसाने तेवढेच १,३०० घेतले, ३० उडाले आणि १२० झिरपले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ५५० मिलिमीटर वाचले, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही, कारण त्याची मोटर तेवढी कमी चालली. भूजलाच्या दृष्टीने मात्र पूर्वी १,४०० मिलिमीटर कायमचे जात होते आणि आता १,३३० जाते. खरी बचत ७० मिलिमीटरची. उरलेले ४८० मिलिमीटर आधीही परत येतच होते. ॲक्वाक्रॉप पहिला आकडा सांगते आणि स्वॅट दुसरा.

आता नेटलोगोतील शेतकऱ्याकडे वळू. त्याने उपसा पूर्वीइतकाच ठेवला आणि वाचलेले पाणी नव्या उसाला दिले, तर एक हेक्टरच्या जागी सुमारे १.३८ हेक्टर भिजेल. मूळ क्षेत्राच्या मापाने कायमचे जाणारे पाणी १,४०० वरून साधारण १,८३५ मिलिमीटरवर जाईल आणि परत येणारे ६०० वरून १६५ वर उतरेल. उपसा तोच, विजेचे बिल तेच, आणि भूजलावरचा बोजा मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढलेला. सिंचनाची कार्यक्षमता वाढवूनही खोऱ्यातील पाणी का वाचत नाही, याची चर्चा जगभर चालू आहे. क्वेंटिन ग्राफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेला लेख नेमका याच विरोधाभासावर आहे. आपल्या तिसऱ्या मॉडेलचे उत्तर त्यामुळे अनपेक्षित नाही.

याचा अर्थ, मॉडेलांच्या सीमेवरून ‘सिंचन’ नावाचा एकच आकडा पाठवून भागणार नाही. उपसा, पिकाने वापरलेले पाणी, वाया गेलेले बाष्पीभवन आणि परत झिरपलेले पाणी, असे चार वेगळे आकडे पाठवावे लागतील, आणि पहिला आकडा उरलेल्या तिघांच्या बेरजेइतका आहे की नाही हे प्रत्येक टप्प्यावर तपासावे लागेल.

दुसरी गोष्ट दुहेरी मोजणीची. स्वॅटमध्ये पीक वाढते, ॲक्वाक्रॉपमध्येही वाढते. दोघांनी आपापले बाष्पपर्णोत्सर्जन, म्हणजे माती आणि पानांतून हवेत जाणारे पाणी, काढले, तर एकाच उसाला दोनदा तहान लागेल. स्वॅटच्या पोटात भूजलाचा एक साधा कप्पाही आहे, आणि मॉडफ्लो जोडल्यावर तो बंद करावाच लागतो. त्यातच स्वॅटची गणना ज्या एककांत होते, ती एचआरयू म्हणजे एकसारखी माती, उतार आणि पीक असलेल्या तुकड्यांची गोळाबेरीज असते. तिला नकाशावर निश्चित जागा नसते. मॉडफ्लोला मात्र प्रत्येक चौकोनाची जागा लागते. म्हणून आधी ती गोळाबेरीज पुन्हा जमिनीवर पसरावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्या मूळ प्रश्नालाच हात घालते. मुरूम आणि मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्या असलेला बेसाल्ट, यांत साठवण फार कमी असते. खडकाच्या एकूण घनफळापैकी प्रत्यक्ष निचरून मिळणाऱ्या पाण्याचे प्रमाण, ज्याला आम्ही स्पेसिफिक यील्ड म्हणतो, ते आपल्याकडे साधारण १ ते ३ टक्के धरले जाते. वरच्या हिशेबातील सुमारे ४३५ मिलिमीटरचा जादा बोजा घ्या. पाणलोटाच्या दहाव्या हिश्श्यावर ऊस असेल, तर संपूर्ण पाणलोटावर तो साडेत्रेचाळीस मिलिमीटर होतो. हे प्रमाण २ टक्के धरले तर वर्षाला पातळी दोन मीटरहून थोडी अधिक उतरेल. १ टक्का धरले तर चार मीटरहून अधिक आणि ३ टक्के धरले तर दीड मीटरच्या जवळ. म्हणजे शेतकऱ्याच्या वागणुकीवर कितीही सूक्ष्म काम केले, तरी या एका आकड्याची अनिश्चितता त्याला झाकून टाकू शकते.

शिवाय ही घसरण दहा वर्षे सरळ रेषेत चालत नाही. आपले उथळ जलधर, म्हणजे भूजल धरणारे खडकाचे थर, उन्हाळ्यात जवळजवळ रिकामे होतात आणि बऱ्या पावसात पुन्हा भरतात. त्यामुळे पंधरा वर्षांनंतरची ऑक्टोबरची पातळी कदाचित आजच्याइतकीच दिसेल. फरक पडेल तो विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते यात. आज एप्रिलमध्ये आटणारी विहीर फेब्रुवारीत आटू लागली, तर शेतकऱ्याचे सगळे गणित बदलते, पण वार्षिक सरासरीत त्याचा मागमूस राहत नाही. आपण ‘पातळी वर की खाली’ याऐवजी ‘विहीर कधी आटते’ असे विचारावे, असे मला सुचवावेसे वाटते.

उत्तर : संथ समुद्र

मांजऱ्या सरांनी पाण्याची बाजू सांगितली. मी हवामानाच्या मॉडेलांवर काम केले आहे आणि वेगवेगळ्या शास्त्रांची मॉडेले जोडण्याचा सर्वांत जुना आणि महागडा अनुभव बहुधा याच क्षेत्राकडे आहे; तो इथे उपयोगी पडेल.

वातावरण आणि महासागर यांची मॉडेले जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. याच प्रकारच्या कामासाठी मानाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. वातावरण काही दिवसांत रंग बदलते आणि खोल समुद्राला शतके लागतात. दोघांना एकाच गतीने चालवणे तेव्हाच्या संगणकांना झेपणारे नव्हते, म्हणून त्यांनी वातावरण थोडा काळ आणि महासागर त्याच्या कितीतरी पट काळ चालवून मध्ये देवाणघेवाण केली. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. सगळ्यांना एका कालटप्प्यावर आणण्याची गरज नसते; जलद चालणाऱ्या मॉडेलने संथ मॉडेलला बेरीज किंवा सरासरी द्यावी आणि संथ मॉडेलने जलद मॉडेलला त्या काळापुरती स्थिर अट द्यावी. फक्त, ज्या काळात फीडबॅक खरोखर घडतो त्याहून देवाणघेवाणीचा काळ मोठा नसावा. विहीर फेब्रुवारीत आटते आणि शेतकरी त्याच आठवड्यात पाण्याची पाळी लांबवतो, असे असेल तर वर्षातून एकदा देवाणघेवाण करणारे मॉडेल ती घटना कधीच पाहणार नाही.

पुढे या जोडणीत एक दुखणे निघाले. वातावरणाचे मॉडेल एकटे चांगले चालायचे, महासागराचेही एकटे चांगले चालायचे, आणि दोन्ही जोडली की पृथ्वी हळूहळू भलत्याच तापमानाकडे सरकायची. कारण एकटे असताना प्रत्येकाला सीमेवर निरीक्षणातून घेतलेले खरे आकडे मिळत होते, आणि आतील चुका त्याखाली दडत होत्या. उपाय म्हणून बरीच वर्षे सीमेवरच्या उष्णतेत आणि गोड्या पाण्यात कृत्रिम दुरुस्ती मिसळली जात असे. तिला फ्लक्स ॲडजस्टमेंट म्हणत. हवामान स्थिर राहायचे, पण त्याला आधार भौतिकशास्त्राचा नसून टेकूचा होता. शतकाच्या वळणावर ब्रिटनच्या हॅडली केंद्राच्या मॉडेलासारखी काही मॉडेले या टेकूशिवाय उभी राहू लागली, तेव्हा त्या क्षेत्राने सुटकेचा श्वास टाकला.

आपल्याकडे पुण्यातच याचे उदाहरण आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मोसमी अंदाजासाठी बनलेले अमेरिकेचे सीएफएस हे मॉडेल घेऊन त्यावर पृथ्वी-प्रणालीचे मॉडेल उभे केले. चार-सहा महिन्यांच्या अंदाजात जी ऊर्जेची तूट खपून जात होती, ती शेकडो वर्षांच्या गणनेत खपणारी नव्हती. वातावरणाच्या माथ्यावर येणारी आणि जाणारी ऊर्जा जुळवून घेतल्यावरच त्या मॉडेलची सुधारित आवृत्ती सीएमआयपी-६ या हवामान-मॉडेलांच्या जागतिक तुलनेत उतरली. एका कामासाठी उत्तम असलेले मॉडेल जोडणीत सामील होताना नव्या कसोटीला सामोरे जाते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून माझा सल्ला सावध आहे. आधी एकाच दिशेने जोडा; स्वॅटचा झिरप मॉडफ्लोला द्या आणि तिथेच थांबा. पाणी कुठे गळते का ते पाहा. त्यानंतर एकेक उलटी वाट उघडा. शेतकऱ्याचे मॉडेल सर्वांत शेवटी, आणि त्याने निष्कर्षात फरक पडत असेल तरच. ओढ्याच्या प्रवाहाशी जुळवताना स्वॅटमध्ये आपण जे गुणांक बसवले आहेत, त्यांत उपशाचा परिणाम आधीच लपलेला असणार. मॉडफ्लोमध्ये उपसा वेगळा दाखवल्यावर ते गुणांक तसेच ठेवले, तर तोही टेकूच ठरेल.

उत्तर : खोडवा

संथ समुद्र यांचा अनुभव मोठा आहे, पण त्यांच्या शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. समुद्राला उद्या काय होणार याचा अंदाज बांधून आज वागता येत नाही, शेतकऱ्याला येते. इथे प्रश्नच असा आहे की, पाणी वाचल्यावर माणूस काय करतो. त्याला शेवटी जोडायचे ठरवले, तर आधीच्या सगळ्या टप्प्यांत आपण उसाचे क्षेत्र स्थिर आहे असे गृहीत धरलेले असेल, आणि मांजऱ्या सरांच्याच हिशेबाप्रमाणे उत्तराचे चिन्ह त्या गृहीतकावर पालटते. मी कृषी अर्थशास्त्राची आहे आणि माहेरचा ऊस अजून आहे, त्यामुळे दोन गोष्टी जरा तपशिलाने लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे, कोणाला काय केव्हा कळते. अडसालीची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तो ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास. अडसाली लावणाऱ्याला त्या वर्षीचा परतीचा पाऊस माहीत नसतो, उजनी किती भरेल हे माहीत नसते, आणि तरीही पुढचा संपूर्ण उन्हाळा त्याने बांधून घेतलेला असतो. सुरू ऊस लावणाऱ्याला मात्र विहिरीचा रंग दिसलेला असतो. आपल्या मॉडेलात दोघेही वर्षातून एकदा, एकाच तारखेला, वर्षभराच्या उपलब्ध पाण्याचा आकडा पाहून निर्णय घेत असतील, तर अडसालीवाल्याला आपण भविष्य सांगितले आहे. अशा मॉडेलातील शेतकरी प्रत्यक्षापेक्षा फार शहाणा वागतो आणि दुष्काळात नुकसान कमी दिसते. कोणते मॉडेल कोणाला, कोणत्या महिन्यात, कोणता आकडा दाखवते, याचा एक तक्ता करावा; माझ्या मते तो आज्ञावलीपेक्षा आधी लिहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे, पाणी हा निर्णयातील एकच धागा आहे. कारखान्याकडे नोंद आहे का, तोडणीची टोळी वेळेवर मिळेल का, मागच्या हंगामाचे पैसे हातात आले का, खोडवा राखायचा की मोडायचा, वीज रात्रीची आहे की दिवसाची, हे सगळे त्यात असते. केंद्र सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर असल्यामुळे उसाला जो भरवसा आहे, तो कांद्याला नाही. म्हणून वाचलेले पाणी उसाकडेच वळते. हा नियम नेटलोगोत ‘नफा जास्त तिथे क्षेत्र जास्त’ असा लिहिला, तर कांद्याचा भाव चढलेल्या एका वर्षी आपले सगळे शेतकरी ऊस मोडून कांदा लावतील. प्रत्यक्षात कोणी उभा ऊस असा मोडत नाही.

असे नियम टेबलाशी बसून लिहू नयेत. फ्रान्समधील सिराद या संस्थेच्या संशोधकांनी सेनेगल नदीच्या खोऱ्यातील सिंचन योजनांवर काम करताना वेगळी वाट धरली होती. शेतकऱ्यांना एक भूमिकांचा खेळ खेळायला दिला, त्या खेळात ते कसे वागतात हे पाहिले, आणि संगणकातील नियम त्यांच्यासमोरच तपासून घेतले. ही पद्धत पुढे सहभागी मॉडेलिंग म्हणून रुळली. आपल्या गावात पाराजवळ बसून पत्त्यांसारखी कार्डे वाटून हे करता येईल. एका दुपारी जे कळेल ते प्रश्नावलीतून महिनाभरात कळणार नाही, कारण प्रश्नावलीत प्रत्येकजण सांगतो की ठिबकमुळे पाणी वाचले तर तो ते विहिरीतच ठेवेल.

जाता जाता उजनीबद्दल. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातील निम्म्याहून अधिक, जवळपास ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. दुष्काळी वर्षांत वृत्तपत्रांत ‘उजनी वजा’ अशी ओळ दिसते, ती यामुळे. मॉडेलमध्ये उपयुक्त साठा शून्य झाला की उपसा शून्य, असे लिहिलेले असेल, तर पाणफुगवट्यातून मोटारी आणि पाइप पुढे सरकवत चालणारा उपसा त्यातून गळेल. आपले पाणलोट पाणफुगवट्यापासून थोडे दूर आहे असे आपण लिहिले आहे. तिथल्या कोणाची पाइपलाइन उजनीवरून येते का, हे एकदा विचारून घ्यावे. विहिरीत सोडलेले उजनीचे पाणी मॉडफ्लोला पावसासारखे भासेल.

उत्तर : ताळेबंद

मी आज्ञावल्या लिहितो, त्यामुळे फक्त पहिल्या प्रश्नापुरते. चारही मॉडेले एका आज्ञावलीत पुन्हा लिहू नका. तीन वर्षे जातील आणि मूळ मॉडेलांत झालेल्या पुढच्या सुधारणा आपल्याला मिळणार नाहीत. प्रत्येक मॉडेल वेगळे ठेवून बाहेरून एक छोटा संयोजक त्यांना पाळीपाळीने चालवतो, ही रीत आता स्थिरावली आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातील सीएसडीएमएस गटाने त्यासाठी बीएमआय नावाचा संकेत घालून दिला. मॉडेलने ‘सुरू हो’, ‘एक पाऊल पुढे जा’, ‘हा आकडा दे’, ‘हा आकडा घे’ आणि ‘थांब’ एवढ्या आज्ञा समजून घेतल्या की बाकीच्यांना त्याच्या पोटात डोकावावे लागत नाही. मॉडफ्लोची सहावी आवृत्ती अशा आज्ञांना थेट उत्तर देते. नेटलोगो पायथनमधून चालवता येते. स्वॅट जुन्या फोरट्रान वळणाचे असल्याने तिथे थोडी कसरत होईल. युरोपात जलक्षेत्रासाठी ओपनएमआय आणि वाहन उद्योगात एफएमआय हे असेच संकेत आहेत, पण आपल्या कामाला त्यांची गरज दिसत नाही.

दोन सवयी मात्र पहिल्या दिवसापासून लावा. प्रत्येक चलाच्या नावातच एकक लिहा. आपल्याकडे धरण टीएमसीत, पाटबंधाऱ्याचा अहवाल दलघमीत (दशलक्ष घनमीटर), कालवा क्युसेकमध्ये, पीक मिलिमीटरमध्ये आणि शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, आणि एका हेक्टरवरचा एक मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर. हे रूपांतर एकाच ठिकाणी, एकाच फलनात (फंक्शनमध्ये) असावे. दुसरे, प्रत्येक पावलाला संपूर्ण पाणलोटाचा पाण्याचा ताळा काढा. आत आलेले, बाहेर गेलेले आणि साठ्यातील बदल यांचा मेळ बसला नाही, तर संयोजकाने तिथल्या तिथे थांबावे. इशारा छापून पुढे जाणारी आज्ञावली कोणी वाचत नाही.

एक बारकावा राहिला. एकाच पावलात आधी शेतकरी उपसा करतो की आधी मॉडफ्लो पातळी काढते, या क्रमानेही उत्तर बदलते. क्रम उलटा करून एकदा चालवून पाहा. निष्कर्ष लक्षणीय बदलला, तर आपले पाऊल फार लांब आहे असे समजावे.

ओढाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात मी संगणक बाजूला ठेवून मांजऱ्या सरांनी सांगितलेला चार आकड्यांचा हिशेब कागदावर मांडला. माझ्या स्वॅटमध्ये सिंचनाचे पाणी उथळ जलधरातून उचलले जात होते आणि ॲक्वाक्रॉपचे आकडे मी वरून पुन्हा वजा करत होते, म्हणजे दुहेरी मोजणी सुरू होतीच. खोडवा ताईंची शंकाही खरी निघाली. दोन शेतकऱ्यांच्या विहिरींत पाइपलाइनने बाहेरचे पाणी येते.

ठरवले आहे ते असे. पीक फक्त ॲक्वाक्रॉपमध्ये वाढेल, भूजल फक्त मॉडफ्लोमध्ये राहील आणि स्वॅट पाऊस, ओढा आणि मातीपुरते उरेल. देवाणघेवाण दर पंधरवड्याला होईल. शेतकरी पहिल्यापासून जोडलेला असेल, पण तीन रूपांत. क्षेत्र न वाढवणारा, वाचलेले सगळे पाणी नव्या उसाला देणारा, आणि खेळातून जो नियम निघेल त्याप्रमाणे वागणारा. संथ समुद्र सरांची सूचना आणि ताईंचा आक्षेप या दोहोंचा यात मान राखला जाईल असे वाटते. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दुष्काळी वर्षांची निरीक्षणे मी जुळवणीतून बाहेर ठेवणार आहे, म्हणजे मॉडेलची परीक्षा त्यांवर घेता येईल.

एक प्रश्न उरतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदाच मिळते. विहीर कोणत्या महिन्यात आटते हे त्यावरून कसे तपासावे? मधले आकडे गणिताने भरून काढले तर चालेल का?

मांजऱ्या

भरून काढू नका. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर हेच चार बिंदू ठेवा आणि मॉडेलची पातळी फक्त त्याच तारखांना तपासा. मधली रेषा आपण ओढली, तर मॉडेलची तुलना आपल्याच अंदाजाशी होईल. आटण्याचा महिना कळण्यासाठी दुसरा पुरावा शोधावा. मोटर कधी बंद पडली, टँकर कधी सुरू झाला, उसाला शेवटची पाळी कधी दिली, हे शेतकऱ्याला वर्षानिशी आठवते. विशेषतः २०१२-१३ चे तर सगळेच सांगतील. तीस-चाळीस विहिरींच्या अशा आठवणी एकमेकींशी ताडून घेतल्या, तर महिन्याइतका नेमकेपणा येतो आणि आपल्याला तेवढाच हवा आहे.

स्पेसिफिक यील्डसाठी शक्य असेल तिथे दोन-तीन विहिरींवर उपसा चाचणी घ्यावी. तरीही अंतिम गणना १, २ आणि ३ टक्के अशी तिन्ही आकड्यांवर, शेतकऱ्याच्या तिन्ही रूपांसह, म्हणजे नऊ वेळा चालवावी. नऊपैकी किती वेळा विहीर आजच्यापेक्षा आधी आटते, हे प्रबंधात तसेच लिहावे. सरासरी काढू नये. मार्च-एप्रिलमध्ये त्या बाजूला माझे येणे असते. उपसा चाचणीच्या वेळी घड्याळ आणि टेप घेऊन दोन दिवस थांबायला मला आवडेल.

ओढाकाठ

सर, नक्की या. पहिली चाचणी ओढ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीवर, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवते. त्या आठवड्यात त्या फीडरवर वीज दिवसाची आहे का, तेवढे आधी विचारून कळवते.